कॅटलॉगचा फोल्डर पुन्हा पुन्हा का भरतो, आणि त्यातलं काय काढलं तर चालतं

लाइटरूम क्लासिक या फोटो एडिट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये फोटो चाळताना मध्येच सगळं अडकायला लागलं आणि डिस्क भरल्याचा इशारा आला, की बहुतेकांचा हात आधी जुन्या फोटोंकडे जातो. दहा-वीस जीबी मोकळे होतात, महिना-दोन महिने बरे जातात आणि इशारा परत येतो. माझ्याकडे हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी काहीही काढण्याआधी कॅटलॉगचा (कॅटलॉग म्हणजे फोटोंची आणि त्यांच्यावरच्या कामाची प्रोग्रॅमनं ठेवलेली नोंदवही) फोल्डर उघडला आणि आतल्या एकेका गोष्टीचा आकार कागदावर लिहून काढला. फोटो सगळे बाहेरच्या ड्राइव्हवर होते, तरी लॅपटॉपवरचा हा एकटा फोल्डर ९३ जीबींचा झाला होता.

कागदावर पाच ओळी होत्या. मूळ कॅटलॉग फाइल, म्हणजे जिच्या नावाच्या शेवटी 'एलआरकॅट' असतं ती, २.१ जीबी. तिच्या शेजारची 'एलआरकॅट-डेटा' ३.४ जीबी. 'प्रिव्ह्यूज' ५८ जीबी. 'स्मार्ट प्रिव्ह्यूज' १८.५ जीबी. 'बॅकअप्स' ११ जीबी.

फोटो निवडताना दिलेले तारे, कीवर्ड, कलेक्शन्स, एकेका चेहऱ्यावर बसून केलेलं काम, हे सगळं पहिल्या दोन ओळींत होतं. साडेपाच जीबींत. उरलेले साडेसत्याऐंशी जीबी एक तर पुन्हा तयार करता येण्यासारखे होते किंवा जुन्या प्रती होत्या. आणि आधीच्या तीन वेळा मी काढले होते ते मात्र फोटो.

म्हणून पहिलं काम हेच करा. 'कॅटलॉग सेटिंग्ज' उघडा (विंडोजवर 'एडिट' मेनूत, मॅकवर प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत), 'जनरल' टॅबमधलं 'शो' बटण दाबा, फोल्डर समोर येईल. आकार लिहून घ्या. तोपर्यंत काहीही काढू नका. शेजारच्या 'फाइल हँडलिंग' टॅबमध्ये दोन्ही प्रकारच्या प्रिव्ह्यूंनी किती जागा घेतली आहे तेही दिसतं.

कोणत्या फाइलमध्ये काय असतं

एलआरकॅट ही एसक्यूलाइट प्रकारची डेटाबेस फाइल आहे. तुमच्या मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता लिहिलेल्या, फाइलला प्रोग्रॅम हात लावत नाही. एक्स्पोजर इतकं वाढवलं, क्रॉप असा केला, इथला डाग काढला, अशा सूचना तो या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो आणि फोटो दाखवताना त्या लागू करतो. सूचना म्हणजे थोडासा मजकूर, त्यामुळे एका फोटोच्या दहा व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोचे वेगवेगळे एडिट) केल्या तरी डिस्कवर त्याचा भार जाणवत नाही. जागा वाचवायची म्हणून व्हर्च्युअल कॉपी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी जागा काहीच वाचवली नाही, गमावला तो आपला पर्यायी एडिट.

एलआरकॅट-डेटा ही फाइल ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, नव्या मास्किंगबरोबर आली. 'सिलेक्ट सब्जेक्ट' किंवा 'सिलेक्ट स्काय' वापरून केलेले मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरत्या निवडी, हे आकड्यांत मावणारे नसतात, ते चित्राच्याच रूपात साठवावे लागतात, आणि ते इथे असतात. जून २०२५ च्या १४.४ आवृत्तीपासून डीनॉइज (फोटोतला दाणेदारपणा काढणारी सोय) वेगळी डीएनजी, म्हणजे रॉसारखीच नवी फाइल, न बनवता थेट मूळ फोटोवर लागू होतो, आणि त्याचा डेटाही इथेच येतो. रात्रीचे किंवा घरातल्या अंधुक उजेडातले शेकडो फोटो एका झटक्यात डीनॉइज करायची सवय असेल, तर ही फाइल भराभर वाढते. नावात 'डेटा' आहे म्हणून तिला कॅशे, म्हणजे पुन्हा बनणारा तात्पुरता साठा, समजून उडवू नका. कॅटलॉग दुसऱ्या मशीनवर नेतानाही या दोन्ही फाइली जोडीनंच न्यायच्या.

प्रोग्रॅम चालू असताना 'वॉल' आणि 'एसएचएम' अशा शेवटाच्या आणखी दोन छोट्या फाइली दिसतात, आणि एक 'लॉक' फाइल. प्रोग्रॅम नीट बंद झाला की त्या आपोआप जातात. मधेच वीज गेली किंवा मशीन गोठलं तर मागे राहतात. इथे फरक नीट लक्षात घ्या. लॉक ही नुसती पाटी आहे, आत कोणीतरी आहे असं सांगणारी. प्रोग्रॅम खरोखर बंद असल्याची खात्री करून ती काढली तर चालतं, आणि 'कॅटलॉग दुसरीकडे उघडा आहे' ही तक्रार बहुतेक वेळा त्यानंच मिटते. वॉलमध्ये मात्र तुमचे अगदी शेवटचे बदल असतात, जे मुख्य फाइलमध्ये अजून उतरलेले नाहीत. तिला हात लावायचा नाही. तिला आहे तिथेच राहू द्या आणि कॅटलॉग नेहमीसारखा उघडा, उरलेले बदल प्रोग्रॅम स्वतः उतरवून घेतो. साफसफाईच्या उत्साहात एका ओळखीच्यांनी लॉकबरोबर वॉलही काढली आणि दुपारभर निवडलेल्या फोटोंचे तारे गेले.

प्रिव्ह्यूज म्हणजे ग्रिडमध्ये (अनेक फोटो एकत्र) आणि लूपमध्ये (एकच फोटो मोठा) दिसणारी तयार चित्रं. स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणजे लांब बाजू २५६० पिक्सेल असलेली, आकुंचित केलेली छोटी डीएनजी. मूळ ड्राइव्ह जोडलेला नसतानाही एडिट करता यावं यासाठी ती असते. दोन्ही मूळ फोटोंवरून पुन्हा बनतात. अट एकच: मूळ फोटो जागेवर असायला हवेत.

ही अट मी दोनदा सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. मूळ फाइल हरवली असेल तर तिचा प्रिव्ह्यू हेच त्या फोटोचं जगातलं शेवटचं चित्र असू शकतं. प्रिव्ह्यूंचा फोल्डर रिकामा करण्याआधी 'लायब्ररी' मेनूतलं 'फाइंड ऑल मिसिंग फोटोज' चालवा. एकही फोटो हरवलेला दिसला, तर तो सापडेपर्यंत थांबा.

मग तो परत परत का भरतो

माझ्या ५८ जीबींचं कारण एका सेटिंगमध्ये होतं. 'फाइल हँडलिंग'मध्ये वन-टू-वन प्रिव्ह्यू आपोआप कधी टाकून द्यायचे ते ठरवता येतं: एक दिवसानं, आठवड्यानं, ३० दिवसांनी किंवा कधीच नाही. माझ्याकडे 'नेव्हर' होतं. फोटो झूम करून फोकस तपासताना वाट बघावी लागू नये म्हणून कधीतरी मीच ते तसं ठेवलं होतं. वन-टू-वन म्हणजे फोटोच्या पूर्ण आकाराचं चित्र. इम्पोर्ट करताना 'बिल्ड प्रिव्ह्यूज'मध्ये वन-टू-वन निवडलं तर प्रत्येक फोटोचं ते बनतं, आणि लायब्ररीत शंभर टक्के झूम केलं की त्या फोटोचं तिथल्या तिथे बनतं. चार वर्षांपूर्वी एकदाच झूम करून नापसंत केलेल्या फोटोचंही पूर्ण आकाराचं चित्र माझ्या लॅपटॉपवर बसून होतं.

मी आता ३० दिवस ठेवलं आहे. निवडीचं काम जोरात चालू असतं तेव्हा हे प्रिव्ह्यू खरंच कामाला येतात, म्हणून एक दिवसाचं सेटिंग मला घाईचं वाटतं. साठलेले काढायला लायब्ररीत सगळे जुने फोटो निवडायचे आणि 'लायब्ररी' मेनूतल्या 'प्रिव्ह्यूज'मधून 'डिस्कार्ड वन-टू-वन प्रिव्ह्यूज' द्यायचं. नंतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि मगच आकार बघा.

एवढं करूनही आकार फारसा उतरला नाही, तर प्रोग्रॅम बंद ठेवून प्रिव्ह्यूजचा अख्खा फोल्डर (नावाच्या शेवटी 'एलआरडेटा' असतं तो) काढून टाकता येतो. वर सांगितलेली हरवलेल्या फोटोंची तपासणी आधी झालेली हवी. पुढच्या वेळी उघडल्यावर ग्रिड करडं दिसेल, घाबरायचं नाही. मूळ ड्राइव्ह जोडा, सगळे फोटो निवडा, 'बिल्ड स्टँडर्ड साइझ्ड प्रिव्ह्यूज' देऊन रात्रभर मशीन चालू ठेवा. स्टँडर्ड प्रिव्ह्यूचा आकार 'ऑटो'वर असेल तर तो तुमच्या स्क्रीनप्रमाणे ठरतो. मोठ्या स्क्रीनवर काम करत असाल तर हाही आकडा बघून घ्या.

स्मार्ट प्रिव्ह्यूंचा प्रश्न सोपा आहे. ड्राइव्ह घरी ठेवून लॅपटॉपवर एडिट करत असाल तर चालू कामाचे ठेवा, संपलेल्या कामांचे टाकून द्या. ड्राइव्ह कायम जोडलेलाच असेल तर मला त्यांची गरज दिसत नाही. इम्पोर्टच्या वेळी त्यांची खूण एकदा केली की ती पुढच्या प्रत्येक इम्पोर्टला तशीच राहते, हे मात्र बघा. माझे साडेअठरा जीबी असेच झाले होते.

बॅकअपबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे जागेचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न एकमेकांत गुंततात. प्रोग्रॅम बंद करताना तो कॅटलॉगचा बॅकअप घ्यायला विचारतो, तारखेचा एक फोल्डर बनवतो आणि आत झिप ठेवतो. जुने बॅकअप तुम्ही काढेपर्यंत साठतच राहतात. कॅटलॉग जसा मोठा होतो तशी प्रत्येक झिपही मोठी होते, म्हणून सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर एकदम जाणवतं. मी शेवटचे तीन आणि त्याआधीच्या सहा महिन्यांतला महिन्याला एक, असे ठेवतो. सगळे काढून एकच ठेवणं धोक्याचं आहे. कॅटलॉगमधला बिघाड कधी कधी आठवड्यांनी कळतो, आणि तोपर्यंत ताजा बॅकअपही त्याच बिघाडाची प्रत झालेला असतो. बॅकअपच्या खिडकीतली 'टेस्ट इंटिग्रिटी' ही खूण त्यासाठीच आहे, ती काढू नका.

हे बॅकअप पडतात कुठे? तुम्ही काही बदललं नसेल तर कॅटलॉगच्याच शेजारी, त्याच डिस्कवर. डिस्क गेली तर दोन्ही एकदम जाणार. जागा बदलण्याची सोय कॅटलॉग सेटिंग्जमध्ये शोधून सापडत नाही, ती बंद करताना येणाऱ्या त्या बॅकअपच्याच खिडकीत आहे. तिथे दुसरा ड्राइव्ह निवडा. लॅपटॉपवरचे माझे ११ जीबी एवढ्यानं मोकळे झाले आणि बॅकअप खऱ्या अर्थानं बॅकअप झाला. आणि या झिपमध्ये फोटो नसतात. एकही नसतो. फोटोंची दुसरी प्रत तुम्हाला वेगळी ठेवावीच लागते.

बाकीची दोन-तीन कारणं छोटी आहेत. मोठ्या आवृत्तीवर अपग्रेड करताना प्रोग्रॅम कॅटलॉगची नवी प्रत बनवतो आणि जुनी तशीच ठेवतो. नव्यात महिनाभर काम नीट झालं की जुनी बाहेरच्या ड्राइव्हवर हलवा. कॅमेरा रॉचा कॅशे या फोल्डरमध्ये नसतोच, त्याची मर्यादा 'प्रेफरन्सेस'च्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये आहे. सुरुवातीला ती ५ जीबी असते आणि ती ओलांडली की जुनं आपोआप जातं. कोणी सांगितलं म्हणून तुम्ही ती १०० किंवा २०० केली असेल आणि लॅपटॉपची डिस्क लहान असेल, तर ती खाली आणा. 'पर्ज' दाबल्यानं एडिटला काही होत नाही.

आणि फोटोंचा ड्राइव्हच भरत असेल, तर टिफ फाइली बघा. 'एडिट इन'मधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाठवलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटच्या टिफमध्ये लेयर नसतानाही सुमारे १४४ एमबी होतो: २४ दशलक्ष पिक्सेल, प्रत्येकाला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. लेयर आले की याच्या पुढे. जुन्या आवृत्त्यांमध्ये डीनॉइज केलेल्या, नावात 'एन्हान्स्ड-एनआर' असलेल्या डीएनजीही जड असतात. फाइल टाइपवर एक स्मार्ट कलेक्शन बनवलंत की सगळ्या एकत्र दिसतात. उघडून, नुसतं बघून बंद केलेल्या टिफ त्यात हमखास निघतात.

कॅटलॉगची मुख्य फाइलच फुगली असेल तर

आधी हिस्टरीकडे बघा. डेव्हलपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एडिट करायच्या भागात, केलेली प्रत्येक हालचाल हिस्टरीच्या पट्टीत एक पायरी म्हणून नोंदली जाते. उत्पादनाच्या एका फोटोवरचे धुळीचे ठिपके काढताना मी पट्टी खाली ओढत गेलो, तर 'स्पॉट'च्या दीडशेहून जास्त पायऱ्या होत्या, कारण एकेक ठिपका ही एकेक पायरी. त्यातच 'ऑटो सिंक' (एका फोटोवरचा बदल निवडलेल्या सगळ्यांवर करणारी सोय) चालू ठेवून तीनशे फोटोंवर स्लायडर हलवले, तर प्रत्येक हालचाल तीनशे फोटोंच्या हिस्टरीत लिहिली जाते.

हस्तांतरित झालेल्या, संपलेल्या कामांची हिस्टरी काढता येते. फोटो निवडा आणि 'डेव्हलप' मेनूतलं 'क्लिअर हिस्टरी' द्या. फोटोवर शेवटी जे दिसतंय ते तसंच राहतं, जातो तो तिथवर पोचण्याचा मार्ग. स्नॅपशॉट्सही, म्हणजे नाव देऊन जपलेले एडिटचे टप्पेही, राहतात. म्हणून एखाद्या फोटोचा मधला टप्पा जपायचा असेल तर त्या पायरीवर जाऊन आधी स्नॅपशॉट घ्या. चालू कामाची हिस्टरी मी काढत नाही, मागे जाता येणं हीच या प्रोग्रॅमची मोठी देणगी आहे.

हिस्टरी काढली तरी फाइलचा आकार तसाच दिसेल. डेटाबेसमधून नोंद पुसली की तिची जागा आत रिकामी पडते, फाइल आपणहून आवळत नाही. त्यासाठी 'फाइल' मेनूतलं 'ऑप्टिमाइझ कॅटलॉग' चालवावं लागतं. आणि इथे डिस्क भरलेल्या माणसाची खरी अडचण होते: फाइल आवळताना डेटाबेस नव्यानं लिहिला जातो, आणि एसक्यूलाइटला या कामासाठी मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. २ जीबींच्या कॅटलॉगला ४ जीबी. डिस्क काठोकाठ भरलेली असताना ऑप्टिमाइझ अजिबात सुरू करू नका. आधी वन-टू-वन प्रिव्ह्यू टाकून जागा करा, मग बॅकअप, मग ऑप्टिमाइझ. क्रम हाच ठेवा.

एडिट गायब झाले, अशी तक्रार

साफसफाईनंतर आठवड्याभरात हमखास येणारी तक्रार: 'फोटो आहेत, पण गेल्या महिन्यातलं सगळं काम गेलं.' बहुतेक वेळा काम गेलेलं नसतं, कॅटलॉग दुसराच उघडलेला असतो. बॅकअपची झिप उलगडून त्यातल्या एलआरकॅटवर डबल-क्लिक केलं, की तीच उघडते. तिच्यात जुनी स्थिती असते. नाव तेच, फोटो तेच, त्यामुळे लक्षात येत नाही, आणि माणूस तिथेच पुढे काम करायला लागतो. मग अर्धे एडिट एकीकडे, अर्धे दुसरीकडे.

कॅटलॉग सेटिंग्जच्या 'जनरल'मध्ये 'लोकेशन' बघा. रस्त्यात 'बॅकअप्स' दिसलं तर हेच झालंय. संगणकावर एलआरकॅट शोधून सापडलेल्या सगळ्या प्रतींच्या तारखा बघा, खरी मुख्य प्रत कोणती ते ठरवा, तिचा बॅकअप घ्या आणि ती उघडून 'फाइल' मेनूतलं 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग' द्या. चुकून वापरलेली प्रत निवडा. दोन्हीकडे बदललेल्या फोटोंसाठी 'मेटाडेटा अँड डेव्हलप सेटिंग्ज ओन्ली' निवडा आणि जुनी सेटिंग्ज व्हर्च्युअल कॉपी म्हणून जपण्याची खूण करा. दोन्ही एडिट शेजारी शेजारी येतात, हवा तो ठेवता येतो. शेवटी 'प्रेफरन्सेस'मध्ये सुरू होताना कोणता कॅटलॉग उघडायचा ते नेमकं निवडा. 'सगळ्यात अलीकडचा' हा पर्याय ठेवला, तर ही चूक पुन्हा होणार.

कॅटलॉग क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांनाही सांगणं आहे. प्रोग्रॅम चालू असताना सिंक अर्धवट लिहिलेली फाइल उचलतो आणि दुसऱ्या मशीनवरची प्रत बिघडते. नेटवर्कच्या ड्राइव्हवरून तर लाइटरूम क्लासिक कॅटलॉग उघडतच नाही. दोन मशीनवर काम करायचं असेल तर वेगवान बाहेरचा एसएसडी घ्या आणि अख्खा कॅटलॉग फोल्डर त्यावर हलवा. प्रोग्रॅम बंद असताना फोल्डर कॉपी करा, नव्या जागेवरून उघडून बघा, आणि जुन्याचं नाव बदलून दोन आठवडे तो तसाच ठेवा.

एक्सएमपीचं काय, हा पुढचा प्रश्न असतो. 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इन्टू एक्सएमपी' ही खूण केली, की रॉच्या शेजारी एक्सएमपी फाइल बनते. जेपेग, टिफ, डीएनजीमध्ये हीच माहिती फाइलच्या आतच लिहिली जाते. त्यात डेव्हलपच्या सूचना, कीवर्ड, तारे येतात. कलेक्शन्स, व्हर्च्युअल कॉपी आणि हिस्टरीच्या पायऱ्या येत नाहीत. मी ती खूण चालू ठेवतो, कारण कॅटलॉग पूर्ण गेला तरी फोटोंचा अंतिम एडिट फोटोंजवळ राहतो. पण ती बॅकअपची जागा घेत नाही, आणि एक सापळा तिच्यात आहे: मेटाडेटाचा मेळ बसत नसल्याची खूण फोटोवर आली की लोक पटकन 'रीड मेटाडेटा फ्रॉम फाइल' देतात. त्यानं फाइलमधली जुनी सेटिंग्ज कॅटलॉगमधल्या ताज्या एडिटवर बसतात. कॅटलॉगमधलं काम नवं असेल तर 'सेव्ह' द्यायचं, 'रीड' नाही.

दुसरे प्रोग्रॅम वापरत असाल तर

तत्त्व तेच, पण फोल्डरची रचना वेगळी, आणि नेमकी तिथेच फसगत होते. कॅप्चर वनच्या सेशनमध्ये फोटोंच्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'कॅप्चरवन' नावाचा उपफोल्डर असतो. त्यातला 'कॅशे' पुन्हा बनतो. त्याच्याच शेजारच्या 'सेटिंग्ज'मध्ये मात्र तुमचे सगळे एडिट असतात. कॅशे समजून अख्खा उपफोल्डर काढला की काम गेलं. कॅप्चर वनच्या कॅटलॉगमध्ये मूळ फोटोही आतच ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे कॅटलॉग अवाढव्य दिसला तर आधी फोटो आत आहेत की बाहेर ते तपासा.

डार्कटेबलमध्ये डेटाबेस एका जागी आणि चित्रांचा कॅशे दुसऱ्या जागी असतो. लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॅशे'मधलं 'डार्कटेबल' काढलं तर चालतं, 'कॉन्फिग'मधल्याला हात लावायचा नाही. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी असते, अगदी डुप्लिकेटलाही स्वतःची. डीएक्सओ फोटोलॅबच्या 'डॉप' आणि रॉथेरपीच्या 'पीपी३' फाइलीही फोटोंशेजारीच बसतात. ड्राइव्ह साफ करताना या काही केबींच्या फाइली बिनकामाच्या वाटतात. एडिट त्यांच्यातच आहे.

सगळं काढलं, तरी मोकळी जागा दिसत नाही

ट्रॅश किंवा रिसायकल बिन रिकामा केला का, हे आधी. मॅकवर टाइम मशीन वापरत असाल तर डिस्कवरच स्थानिक स्नॅपशॉट असतात, आणि काढलेल्या फाइली त्यांच्यात काही काळ धरून ठेवलेल्या असतात. बहुधा दिवसभरात ती जागा सुटते. तेवढा वेळ द्या, घाबरून आणखी काही काढत सुटू नका.

माझा फोल्डर आता १९ जीबींच्या आसपास राहतो. महिन्यातून एकदा तोच कागद काढून मी आकार लिहितो. एखादी ओळ अचानक वाढली की कोणतं सेटिंग बघायचं ते लगेच कळतं.

एक तपासणी मात्र आजच करा. ताज्या बॅकअपची झिप एका वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, आतल्या एलआरकॅट आणि एलआरकॅट-डेटा या दोन्ही फाइलींच्या नावांत सारखंच 'तपासणी' जोडा आणि तो कॅटलॉग उघडा. चार ओळखीचे फोटो बघा, एडिट दिसतात का, कलेक्शन्स आहेत का. फक्त बघा, काही बदलू नका, कारण एक्सएमपी लिहिण्याची खूण तुम्ही केली असेल तर ती या प्रतीतही चालूच असते आणि इथला बदल तुमच्या खऱ्या फोटोंशेजारी जाऊन बसेल. दिसलं की बंद करा, आपला नेहमीचा कॅटलॉग उघडा आणि तपासणीचा फोल्डर त्याच क्षणी काढून टाका.